दाढी, वेणी, कवळी: केअर होममधला मदतनीस नेमकं काय करतो?

माणूस रोजची कामं किती प्रमाणात स्वतःची स्वतः करू शकतो, हे मोजायला 'बार्थेल इंडेक्स' नावाचा एक तक्ता वापरतात. 1965 साली तो प्रसिद्ध झाला आणि अजूनही जगभर चालतो. एकूण गुण 100. चालायला 15, पलंगावरून खुर्चीत जायला 15, जेवायला 10. आणि तोंड धुणं, दात घासणं, केस विंचरणं, दाढी करणं, हे सगळं मिळून फक्त 5.

तक्त्याच्या नंतर सुधारलेल्या रूपात हे 5 गुण मिळवायची अट मजेशीर आहे. कंगवा, ब्रश, पाणी दुसऱ्या कुणी आणून हाताशी ठेवलं तरी चालतं. पुढचं काम त्या व्यक्तीने आपल्या हाताने केलं की पूर्ण गुण. साहित्य मांडून देणाऱ्या माणसामुळे कुणी परावलंबी ठरत नाही, हे या तक्त्याने मान्य करून टाकलं आहे. केअर होममधल्या नर्सिंग सहाय्यकाचं, म्हणजे मदतनिसाचं, काम समजून घ्यायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी. निवासीने, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाने, स्वतः किती केलं आणि काय व्हावं हे कुणी ठरवलं, यावर या कामाचा दर्जा ठरतो. चकाचक दाढी झाली की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

मदतनीस हा नर्सच्या देखरेखीखाली काम करतो. तपासणी, निदान, उपचाराचे निर्णय त्याच्याकडे नसतात. आंघोळ, कपडे, शौचाला नेणं, भरवणं, उठवणं-बसवणं आणि नीटनेटकं ठेवणं ही त्याची कामं. अमेरिकेत 1987 च्या कायद्यानंतर अशा मदतनिसांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. निवासीच्या अंगाला हात लावण्याआधीच त्यातले किमान 16 तास पूर्ण करावे लागतात आणि संसर्ग कसा टाळायचा, निवासीचे हक्क कोणते, हे विषय त्या तासांतच शिकवले जातात. केस विंचरायला कसलं आलंय प्रशिक्षण, असं वाटत असेल तर पुढे वाचा.

आधी पाहायचं, मग हात लावायचा

एकाच वयाच्या चार जणांना दाढी किंवा केस विंचरणं जमत नसेल, तर चौघांची कारणं चार असू शकतात.

संधिवात असलेल्या बाईंना कंगव्याचा बारीक दांडा धरवत नाही, खांदा वर उचलला की कळ येते. त्यांना जाड मुठीचा, लांब दांड्याचा कंगवा दिला की निम्मं काम होतं. मुठीचा खास कंगवा नसेल तर दांड्याला स्पंज गुंडाळूनही भागतं. कंपवात असलेल्यांचा हात गोळीचा असर चढल्यावर बऱ्यापैकी स्थिर होतो. म्हणून दाढीची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवायची आणि पात्याऐवजी इलेक्ट्रिक रेझर द्यायचा. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना दोन्ही हात डोक्यावर नेऊन केस विंचरताना धाप लागते, कारण अशा माणसाचे खांद्या-मानेचे स्नायू श्वास घ्यायलाही राबत असतात. हात वर गेले की श्वासाची मदत तुटते. त्यांना खुर्चीत बसवून, कोपरं टेबलावर टेकवून, मध्ये थांबत थांबत करू दिलं तर जमतं.

आणि चौथा प्रकार पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका बसलेले आजोबा स्वतः दाढी करतात, आरशात पाहून समाधानाने मान डोलावतात, आणि डावा गाल तसाच राहिलेला असतो. त्यांची नजर शाबूत असते, पण डावी बाजू मेंदूच्या लक्षातच येत नाही. अशा माणसावर 'अर्धीच केली की हो' म्हणून हसणं क्रूरपणाचं आहे. हात गालाला लावून 'इथे राहिलीय, बोटांनी चाचपून बघा' असं दाखवावं लागतं.

म्हणून मदतीच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची म्हणजे साहित्य मांडून देणं: पेस्टचं झाकण उघडून ठेवणं, टॉवेल गळ्याभोवती लावणं, आरसा डोळ्यांच्या उंचीवर आणणं. त्यावरची, तोंडी आठवण करून देणं. त्यावरची, हात धरून सुरुवात करून देणं आणि मग सोडणं. शेवटची, सगळं मदतनिसानेच करणं. कोणत्या निवासीला कोणत्या कामात कोणती पायरी लागते, हे नर्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) मिळून त्याच्या देखभाल-आराखड्यात लिहितात. एकच माणूस तोंड स्वतः धुऊ शकतो आणि पायाची नखं मात्र पाहूही शकत नाही, हे अगदी नेहमीचं. मदतनिसाने वरच्या पायरीवरून खाली यायचं नसतं, खालून वर चढायचं असतं, तेही गरज पडेल तेवढंच.

आता खरी अडचण. आजींना त्यांच्या हाताने तोंड धुऊ दिलं तर खूप वेळ जातो, मदतनिसाने धुतलं तर दोन मिनिटांत उरकतं. एका पाळीत बरेच निवासी, सगळ्यांना नाश्त्याआधी तयार करायचं. मग हात आपोआप पुढे जातो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण परिणाम वाईटच होतो: न वापरलेले स्नायू आणि सवयी म्हातारपणी फार लवकर सुटतात, आणि काही आठवड्यांनी आजींना खरंच जमेनासं होतं. मग आराखड्यात त्यांची पायरी वर सरकते आणि कामाचा भार कायमचा वाढतो. माणसं कमी ठेवून हे काम नीट व्हावं अशी अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थापनांना हा हिशेब कळत नाही, असं मला वाटत नाही. कळतो, पण तो पुढच्या महिन्याचा असतो.

हात लावण्याआधीचं काम

दार उघडं असलं तरी टकटक करायची. आपलं नाव सांगायचं, काय करणार आहोत ते सांगायचं, आता चालेल का विचारायचं. पडदा ओढायचा. दाढी-वेणीलाही? हो. तोंडात कवळी नसताना चारचौघांनी आपल्याला पाहावं असं कुणालाच वाटत नाही. निवासीला काय म्हणून हाक मारायची हेही त्यालाच विचारायचं. सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा करून टाकणं प्रेमळ दिसतं, पण आयुष्यभर 'सर' किंवा 'बाई' ऐकलेल्या माणसाला ते खटकू शकतं.

नंतर बसण्याची तयारी. शक्य असेल तर बेसिनपाशी खुर्चीत, नाहीतर पलंगाचं डोकं उंच करून ताठ बसवायचं. खुर्चीची आणि पलंगाची चाकं लॉक. पलंगावर काम करायचं असेल तर तो आपल्या कमरेच्या उंचीला आणायचा, नाहीतर दिवसाअखेर पाठ बोलायला लागते. आणि काम झाल्यावर पलंग आठवणीने खाली करायचा, नाहीतर निवासी पडतो.

ग्लोव्हजबद्दल थोडं. तोंडात हात घालताना, दाढी करताना, नखं करताना, कातडी फाटलेली असताना ग्लोव्हज हवेतच, कारण लाळ किंवा रक्ताशी संबंध येऊ शकतो. पण धड कातडीवर क्रीम चोळायला किंवा केस विंचरायला एरवी त्यांची गरज नसते. स्वच्छ धुतलेले हात पुरतात. काही ठिकाणी सगळं काम रबराच्या हातांनी चालतं. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसाच्या हाताचा थेट स्पर्श न झालेल्या निवासीला त्यातून काय समजतं, याचा विचार करून पाहा.

तोंड: सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं काम

दाढी वाढलेली भेटायला येणाऱ्यांना दिसते, दात दिसत नाहीत. त्यामुळे घाई असली की पहिली कात्री तोंडाच्या स्वच्छतेला लागते. आणि प्रकृतीला सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो.

म्हातारपणी गिळण्याची क्रिया मंदावते. तोंडातली लाळ, अन्नाचे कण थोडे थोडे श्वासनलिकेत उतरतात. तोंड अस्वच्छ असेल तर त्यांच्याबरोबर जंतूंची फौजही फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या 11 केअर होममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या काळात, ज्यांच्या तोंडाची नीट निगा राखली गेली त्या गटातल्या 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. ज्यांची तशी निगा राखली नव्हती त्या गटात 19 टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण दुखरी हिरडी घेऊन माणूस नीट जेवत नाही आणि वजन उतरतं, हे कळायला अभ्यासाची गरज नाही.

पद्धत अशी. निवासीला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. मऊ ब्रश, पेस्ट अगदी थोडी, कारण फेस जास्त झाला की ठसका लागतो. हिरड्यांच्या कडेकडेने, आतून-बाहेरून, जिभेवरून हलकेच. पक्षाघात झालेल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहतो आणि त्यांना तो जाणवतही नाही, तिथे मुद्दाम पाहायचं. दिवसातून निदान दोन वेळा, त्यातली रात्रीची कधीच चुकवायची नाही. अनेक औषधांनी तोंडाला कोरड पडते; लाळ कमी झाली की दात मुळाशी लवकर किडतात आणि ओठ फुटतात. ऑक्सिजन लावलेला असेल तर ओठांना व्हॅसलिनसारखं तेलकट काही लावत नाहीत, कारण ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. पाण्यावर आधारित जेल वापरतात.

बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाचं तोंड पुसताना पाणी ओतायचं नाही, चूळ द्यायची नाही. त्याला कुशीवर वळवून, गालाखाली टॉवेल घालून, ओलसर पण न ठिबकणाऱ्या स्वॅबने तोंड आतून पुसायचं. दातांच्या मध्ये बोट कधीच घालायचं नाही. जबडा अचानक मिटतो. आणि बोलत राहायचं. तो उत्तर देत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असं धरून चालायचं नसतं.

कवळीची गोष्ट वेगळी. ती हातातून निसटते आणि कठीण बेसिनवर आपटून तिचे दोन तुकडे होतात, म्हणून धुण्याआधी बेसिनमध्ये टॉवेल अंथरायचा किंवा पाणी भरून ठेवायचं. पाणी कोमट किंवा गार, गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. साधी टूथपेस्ट तिच्यावर ओरखडे पाडते. कवळीसाठीचं क्लीनर वापरायचं. रात्री काढून, नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवायची, म्हणजे हिरड्यांना विश्रांती मिळते आणि बुरशीचा संसर्ग टळतो. कवळी काढल्यावर हिरड्या आणि टाळूही मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने पुसायचे असतात, हे सर्रास विसरलं जातं.

कवळ्या हरवतात कशा, तर जेवताना बोचते म्हणून निवासी ती काढून कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळतो, आणि ताटाबरोबर नॅपकिन कचऱ्यात जातो. नवी बनवायला खूप वेळ लागतो, तोवर त्याचं जेवण मऊ-पातळ पदार्थांवर. ताटं उचलणाऱ्या माणसाला नॅपकिन चाचपायची सवय असेल तर ही सगळी पंचाईत टळते. आणि 'बोचते' ही तक्रार वरचेवर येत असेल तर वजन उतरल्याने कवळी सैल झालेली असू शकते. ते नर्सला सांगायचं.

दाढी

पहिला प्रश्न: हा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेतो का? घेत असेल तर साधं पातं नको, छोटी चीरही लवकर थांबत नाही. इलेक्ट्रिक रेझर. दुसरा प्रश्न: ऑक्सिजन चालू आहे का? असेल तर इलेक्ट्रिक रेझर नको, ठिणगीचा धोका. दोन्ही असेल तर? मग मदतनिसाने आपल्या डोक्याने काही ठरवायचं नाही, नर्सला विचारायचं. चेहऱ्यावर तीळ, मस, पुरळ आहे का हेही क्रीम लावण्याआधी पाहून ठेवायचं. फेसाखाली ते दिसत नाही.

कवळी असेल तर ती तोंडात ठेवून दाढी करायची, म्हणजे गाल आत बसत नाहीत. कोमट ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवला की केस मऊ होतात. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची (म्हाताऱ्या कातडीच्या घड्यांत पातं अडकतं) आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने छोटे छोटे हात मारायचे. पातं वारंवार धुवायचं. वापरून टाकायचं पातं धारदार वस्तूंच्या बंद डब्यात. साध्या कचऱ्यात गेलं तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

एकाचा रेझर दुसऱ्याला कधीही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो आणि पात्यावरचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. इलेक्ट्रिक रेझरलाही हाच नियम.

मिशी आणि राखलेली दाढी ही त्या माणसाची. सोयीचं पडतं म्हणून ती परस्पर उतरवणं म्हणजे त्याच्या अंगावर केलेली दांडगाई आहे, दुसरा शब्द नाही. उलट बाजूही सांगतो: बायकांच्या हनुवटीवर वयानुसार राठ केस येतात, ज्या बाईंनी आयुष्यभर ते कुणाला दिसू दिले नाहीत त्यांचे हात आता थरथरतात, आणि त्या संकोचाने मागत नाहीत. पुरुषांची दाढी रोजच्या यादीत असते, हे केस कुठल्याच यादीत नसतात. एकांतात, हळू आवाजात विचारलं तर बहुतेक जणी 'बरं झालं विचारलंत' म्हणतील.

केस

विंचरायला सुरुवात टोकांपासून. मुळाजवळ केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि खालचा गुंता सोडवत वर यायचं. जटा झाल्या असतील तरी परवानगीशिवाय कात्री लावायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाईंचे लांब केस असतील तर मागे अंबाडा नको, तो डोक्याखाली रुततो. दोन्ही बाजूंना दोन सैल वेण्या बऱ्या. भांग कुठे पाडायचा, हे त्यांनाच विचारायचं.

अंथरुणातच केस धुण्यासाठी हवा भरायचं बेसिन मिळतं, किंवा पाणी न लागणारी शॅम्पूची टोपी. उठता येत असेल तर बेसिनवर मान फार मागे टाकायची नाही. म्हातारपणी मानेचे मणके आणि त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात. अशा स्थितीत क्वचित पक्षाघाताचा झटका आल्याच्या नोंदीही आहेत. श्रवणयंत्र आधी काढून ठेवायचं आणि नंतर, हे महत्त्वाचं, परत लावायचं. यंत्र टेबलावर आणि माणूस दिवसभर 'गप्प-गप्प', असे प्रसंग घडतात.

नखं

इथे नियम कडक आहेत. मधुमेह किंवा पायात रक्तपुरवठा कमी असलेल्यांच्या पायाची नखं मदतनिसाने कापायची नाहीत, ते काम नर्सचं किंवा पायांच्या तज्ज्ञाचं. अशा पायांना संवेदना कमी असते, कापलं तरी कळत नाही, जखम भरत नाही, आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. बऱ्याच ठिकाणी तर मदतनिसाला कुणाचीच नखं कापायची परवानगी नसते, फक्त घासून गुळगुळीत करायची. हाताच्या नखांखालची घाण मात्र रोज काढायची. त्याच हाताने माणूस जेवतो. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तिथे क्रीम लावायचं नाही, ओल राहिली की बुरशी होते.

कातडी, चष्मा, कपडे

म्हातारी कातडी इतकी पातळ होते की घड्याळाच्या पट्ट्याने किंवा मदतनिसाच्या लांब नखानेही ती सोलवटते. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. साध्या साबणाने ती आणखी कोरडी पडते, म्हणून सौम्य क्लीन्झर, आणि अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचे, दर वेळी कापडाचा नवा कोपरा घेऊन. चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने न पुसता पाण्याने धुऊन मऊ कापडाने कोरडी करायची.

कपड्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. उलट केलं तर ताठरलेला खांदा पिरगाळला जातो. कोणता सदरा घालायचा हे निवासी ठरवणार. कपाट उघडून 'काय घालायचं?' विचारल्यावर गोंधळणाऱ्यांना दोन सदरे समोर धरून 'निळा की पांढरा?' विचारलं की उत्तर येतं.

स्मृतिभ्रंश असेल तेव्हा

इथे हे सगळं अवघड होतं, कारण समोरच्याला तुम्ही कोण आहात आणि हातातली ती वस्तू कशासाठी आहे, हेच कळत नसतं. अनोळखी माणूस अचानक मागून येऊन तोंडात काहीतरी घालतो, असं तुमच्या बाबतीत घडलं तर तुम्हीही हात झटकाल. ज्याला नोंदवहीत 'निवासी आक्रमक झाला' असं लिहितात, त्यातलं बरंचसं स्वतःचा बचाव असतो.

म्हणून समोरून यायचं, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, आधी हात हातात घ्यायचा. एका वेळी एकच छोटी सूचना: 'ब्रश धरा.' ते झालं की पुढची. साहित्य वापरण्याच्या क्रमाने ओळीने मांडून ठेवायचं, जास्तीचं काही समोर नको. बोलून कळत नसेल तर आपण स्वतःचे दात घासून दाखवायचे. नक्कल करण्याची क्षमता बरीच उशिरापर्यंत टिकते. किंवा ब्रश त्यांच्या हातात द्यायचा आणि आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवून हलवायचा. वरून धरलेला हात पकडल्यासारखा वाटतो, खालून दिलेल्या हाताला तो माणूस स्वतः धरतो. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे पुष्कळदा दोन-तीन फेऱ्यांनंतर हात आपोआप चालू लागतो, आणि मग मदतनिसाने आपला हात काढून घ्यायचा.

आरशाचं काय? काहींना आरसा मदत करतो. काही जण स्वतःलाच ओळखत नाहीत आणि न्हाणीघरात परका माणूस उभा आहे म्हणून घाबरतात. तसं असेल तर आरसा झाकायचा, वाद घालायचा नाही.

बोलण्याचा सूरही मोजला गेला आहे. लहान बाळाशी बोलावं तसं लाडेलाडे बोललं की स्मृतिभ्रंशाचे निवासी मदतीला जास्त विरोध करतात, असं केअर होममधल्या चित्रीकरणांच्या अभ्यासात दिसलं. मोठ्या माणसाशी बोलतो तसं, फक्त सावकाश आणि सोपं बोलावं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, अमेरिकेतल्या 15 केअर होममध्ये आंघोळीची पद्धत त्या त्या व्यक्तीच्या आवडीनुसार बदलली: कुणाला शॉवर पण आपल्या वेगाने, कुणाला अंथरुणातच कोमट ओल्या टॉवेलांत गुंडाळून. मारणं-ढकलणं यांसारखे आक्रमक प्रसंग निम्म्याहून खाली आले.

कधी विरोधामागे साधं दुखणं असतं. खांदा वर केला की कळ येते, सांगता येत नाही, म्हणून हात मारला जातो. मदतनिसाने हे हेरून नर्सला सांगितलं आणि वेदनाशामक गोळी आधी दिली गेली, तर पुढचं काम शांतपणे होतं.

'नको' म्हटल्यावर

निवासीला नकार द्यायचा हक्क आहे. दाढी आज नको, तर नको. मदतनिसाने थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, वेळ किंवा माणूस बदलून पाहायचं, आणि नकार नोंदवून नर्सला कळवायचं. दोघांनी धरून, एकाने हात दाबून 'उरकून टाकणं' हा छळ आहे, मग हेतू कितीही स्वच्छतेचा असो. दुसऱ्या टोकाला, रोज 'नाही म्हणाले' एवढं लिहून सुटका करून घेणं ही हेळसांड. या दोन्हींच्या मधली वाट दर माणसागणिक नव्याने शोधावी लागते आणि तिचा कुठलाही ठरीव फॉर्म नाही.

रोजची नजर

डॉक्टर कधीतरी येतात, नर्स औषधांपुरती. निवासीच्या अंगाकडे रोज जवळून पाहतो तो मदतनीसच. केस विंचरताना डोक्याच्या मागे दिसलेला लाल डाग बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकतो. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे बोटांना लागणारी ऊब किंवा घट्टपणा पाहायचा. जिभेवरचे न निघणारे पांढरे थर. काल नव्हतं आणि आज ओठाच्या एकाच कोपऱ्यातून पेस्ट ओघळतेय: हे लगेच, त्याच क्षणी सांगायचं, कारण तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. पट्टा एक भोक आत गेला. अंगठी घट्ट झाली. रोज भांग पाडून बसणाऱ्या बाईंनी अचानक कंगव्याकडे पाहणंच सोडलं, तर ते नैराश्य असू शकतं, किंवा कुठेतरी दडलेला जंतुसंसर्गही. निदान मदतनिसाने करायचं नाही. काय, कुठे, केव्हापासून दिसलं ते जसंच्या तसं नर्सला सांगायचं आणि लिहायचं. 'बऱ्या दिसत नाहीत' यापेक्षा 'डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग, दाबला तरी फिका पडत नाही' हे वाक्य शंभर पटींनी उपयोगी.

घरच्यांनी यात काय करावं? केअर होममध्ये दाखल करताना आजारांची यादी सगळेच देतात. सोबत दुसरी यादीही द्यावी: दाढी पात्याने की मशीनने, रोज की दिवसाआड, भांग कुठे, कोणत्या तेलाचा वास आवडत नाही, दात आंघोळीआधी की नंतर, कुणा पुरुष मदतनिसाने आंघोळ घातलेली चालेल का. दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो, म्हणजे केसांची ठेवण समजते. रेझर, कंगवा, कवळीची डबी, चष्मा, श्रवणयंत्राची पेटी, सगळ्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव. आणि भेटायला गेल्यावर नखं किंवा वेणी स्वतः करावीशी वाटली तर आधी नर्सला विचारून घ्यावं, विशेषतः मधुमेह असेल तर.